डिस्क एनक्लोजरमधलं मॉड्यूल बदलताय? या चुका टाळा

एनक्लोजर म्हणजे अनेक डिस्क एकत्र बसवायची पेटी. तिच्यातलं बिघडलेलं मॉड्यूल, म्हणजे सरकवून काढता-घालता येणारा भाग, बदलणं हे तसं पाच मिनिटांचं काम. लॅच दाबा, हँडल ओढा, जुनं बाहेर, नवं आत. बहुतेक वेळा स्क्रूड्रायव्हरही लागत नाही, आणि सोपं वाटतं म्हणूनच लोक तिथे माती खातात. मॉड्यूल बिघडल्यामुळे डेटा अडकलेला मी क्वचित पाहिलाय. मॉड्यूल बदलताना अडकलेला मात्र बऱ्याचदा.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे चांगलं मॉड्यूल ओढणं. हसू नका. रात्री अडीच वाजता मला याच कारणासाठी फोन आला होता. २४ डिस्कचं एनक्लोजर, मागे दोन आयओ मॉड्यूल (डिस्कना सर्व्हरशी जोडणारी), ए आणि बी. बी मेलेलं. फोनवर कुणीतरी सांगितलं, ‘उजवीकडचं काढ.’ सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होती रॅकची पुढची बाजू, आणि आमचा गडी उभा होता मागे. त्याने स्वतःच्या उजव्या हाताचं मॉड्यूल ओढलं. ते होतं ए. एका क्षणात २४ च्या २४ डिस्क गायब. घाबरून त्याने ते परत आत ढकललं. थोड्या वेळाने डिस्क दिसायला लागल्या, पण तोवर रेड कंट्रोलरने (अनेक डिस्क जोडून एक व्हॉल्यूम चालवणारं कार्ड) सगळ्यांवर ‘फॉरेन’चा, म्हणजे ‘परक्या डिस्क’ असा, शिक्का मारला होता. स्क्रीनवर दोन पर्याय: इम्पोर्ट (जुनी मांडणी परत घ्या) आणि क्लिअर (ती पुसून टाका). गडी मला विचारतोय, ‘सर, क्लिअर करून टाकू का?’ त्या रात्री त्याने विचारलं हेच आमचं नशीब. इम्पोर्ट करून व्हॉल्यूम वर आला, फाइल सिस्टीम तपासता तपासता उजाडलं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. रॅकपाशी गेलो की चांगल्या मॉड्यूलच्या हँडलवर लाल चिकटपट्टी लावतो. बिघडलेल्यावर नाही, चांगल्यावर. हात तिकडे गेलाच तर पट्टी आडवी येते. लोकेटचा (जागा दाखवणारा) दिवा लावून ओळखू म्हणाल, तर पूर्ण मेलेलं मॉड्यूल दिवा कुठून लावणार? आणि फोनवर डावं-उजवं हे शब्द वापरायचेच नाहीत. मॉड्यूलवर छापलेलं अक्षर आणि सीरियल नंबर वाचून घ्यायचा, दोघांनी, मोठ्याने.

याचीच सख्खी बहीण म्हणजे ‘दुसरं चालू आहे ना, मग झालं’. अहो, दिवा हिरवा आहे याचा अर्थ सगळ्या डिस्क त्या वाटेने दिसतायत असा होत नाही. होस्टवर, म्हणजे सर्व्हरवर, मल्टिपाथची (प्रत्येक डिस्कपर्यंत जाणाऱ्या वाटांची) यादी काढा आणि मोजा. २४ डिस्क असतील तर उरलेल्या पाथवर २४ दिसायला हव्यात, २३ नाही. त्यातही सॅस डिस्कला दोन पोर्ट असतात, साटा डिस्कला एकच. इंटरपोझर (साटा डिस्कला दुसरा पोर्ट देणारा जोड) न लावता साटा डिस्क भरल्या असतील तर त्यांच्यासाठी दुसरा पाथ मुळात नाहीच, वरची पेटी कितीही रिडंडंट असो. स्वस्तात पडलं म्हणून असं केलेलं असतं आणि ते आठवतं मॉड्यूल बाहेर आल्यावर.

पॉवर सप्लाय मेला असं वाटलं तर आधी कॉर्ड आणि पीडीयू (रॅकमधली वीज वाटणारी पट्टी) बघा. दोन्ही कॉर्ड एकाच पीडीयूत खोचलेल्या सापडल्या तर कुणाला काही बोलू नका, गुपचूप वेगळ्या करा; पण एका वेळी एकच.

स्पेअर हातात येईपर्यंत मेलेलं मॉड्यूल जागेवरच राहू द्या. रिकाम्या खाचेतून हवा आडवाटेने जाते आणि डिस्क तापतात.

केबल काढण्याआधी लेबल लावा. फोटोवर विसंबू नका, कारण काही पेट्यांत दोनपैकी एक मॉड्यूल उलटं बसतं आणि पोर्टचा क्रमही उलटा होतो.

मॉड्यूल आत जात नसेल तर जोर लावू नका. मिडप्लेनची (मॉड्यूल आणि डिस्क ज्यात खोचतात त्या आतल्या बोर्डाची) पिन वाकली तर पुढचं काम मॉड्यूलचं नाही, अख्ख्या पेटीचं.

रीबिल्ड (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) चालू असताना मॉड्यूलला हात लावू नका. १६ टीबीची डिस्क सेकंदाला २५० एमबी या वेगाने सलग लिहिली तरी साधारण १८ तास लागतात, आणि चालू सिस्टीमवर तो वेग मिळत नाही. रेड ५ (एकच डिस्क गेली तरच तगणारी मांडणी) असेल तर तेवढा वेळ एकही चूक परवडत नाही. उरलेला पाथ धड असेल तर मॉड्यूल उद्या बदलता येतं.

आता उतावळ्यांविषयी. नवं मॉड्यूल बसवलं, अर्ध्या मिनिटात हिरवा दिवा आला नाही, की ओढलं परत. पुन्हा घातलं. पुन्हा ओढलं. बऱ्याच पेट्यांत नवं मॉड्यूल आधी शेजारच्याशी फर्मवेअर (मॉड्यूलच्या आतलं सॉफ्टवेअर) जुळवून घेतं, आणि त्या वेळात अंबर दिवा लागणं अगदी साहजिक असतं. नेमकं तेव्हाच ओढलं तर अर्धवट लिहिलेलं फर्मवेअर घेऊन ते तिथेच झोपतं. माझ्यासमोर एकाने असं करून एकुलतं एक स्पेअर मारलं आणि वर म्हणाला, ‘नवीनच खराब आलं.’ मी मॉड्यूल बसवलं की हात खिशात घालतो आणि रॅकपासून दोन पावलं मागे सरकतो. लॉग वाचतो. पाथ पुन्हा मोजतो. दुप्पट दिसले की मगच लाल पट्टी काढतो.

आणि काढलेल्या मॉड्यूलवर तिथल्या तिथे मार्करने ‘खराब’ लिहा. नंतर लिहू म्हणून ते नव्याच्या खोक्यात जातं आणि खोकं कपाटात. आमच्या कपाटातून असं एक मॉड्यूल दोनदा ‘नवीन’ म्हणून बाहेर निघालंय.