सगळं अंग दुखतंय पण रिपोर्ट नॉर्मल? फायब्रोमायल्जिया ओळखताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे पेशंटला काही झालेलंच नाही असं धरणं. फायब्रोमायल्जिया, म्हणजे सगळ्या अंगाचं दीर्घकाळ टिकणारं दुखणं, रक्तात, एक्सरेत, एमआरआयमध्ये कुठेच दिसत नाही, कारण बिघाड हाडात किंवा सांध्यात नसतो, मेंदू आणि मज्जासंस्था दुखण्याचे सिग्नल वाढवून घेते आणि मग साधा दाबसुद्धा दुखतो. त्यामुळे "मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका" हे वाक्य घरच्यांनी आणि डॉक्टरांनीही कृपा करून बंद करावं, दुखणं खरं असतं.

दुसरी चूक, फक्त आज जिथे जास्त दुखतंय तेवढंच बघणं. मान दुखते म्हणून स्पॉन्डिलायसिसचा पट्टा, नंतर गुडघा दुखला की हाडांचे डॉक्टर, पोट बिघडलं की पोटाचे डॉक्टर, डोकं दुखलं की अजून कोणी, फाइल जाड होत जाते आणि सगळं एकत्र कोणी मांडतच नाही! खरंतर विचारायचं सोपं आहे. शरीराचे पाच भाग धरा, डावा वरचा, उजवा वरचा, डावा खालचा, उजवा खालचा आणि मान-पाठ-कंबर, यातल्या निदान चार भागांत दुखणं आहे का आणि ते ३ महिने तरी टिकलंय का? मग झोपेचं विचारा, आणि "झोप लागते का" एवढंच नको, "सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का" हे विचारा, कारण हे पेशंट आठ तास झोपूनही रात्रभर ओझी वाहिल्यासारखे उठतात. थकवा, बोलता बोलता शब्द न आठवणं, गॅसवर दूध ठेवून विसरणं, पोटात मुरडा, डोकेदुखी, मन उदास असणं हेही विचारा, पेशंट आपणहून सांगत नाहीत, त्यांना वाटतं याचा अंगदुखीशी काय संबंध.

अजूनही काही ठिकाणी १८ ठरावीक जागा दाबून ११ दुखल्या तरच निदान असं चालतं. तो १९९०चा निकष. २०१०मध्ये नवे निकष आले, २०१६मध्ये ते सुधारले, त्यात जागा मोजायची गरज नाही. आणि पुरुषांनाही हा आजार होतो बरं का, बायकांचंच दुखणं समजून त्यांचं निदान राहून जातं.

आता उलटी चूक, आणि ही जास्त धोक्याची. सगळं दुखतंय ना, मग फायब्रोच, असं म्हणून मोकळं होणं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगात सूज आहे का ते दाखवणाऱ्या), थायरॉइड या साध्या रक्ततपासण्या करायलाच हव्यात. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता खूप, ती फार वाढली की हाडं दुखतात आणि जमिनीवरून उठताना मांड्यांत ताकद राहत नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू आहे का तेही बघा, तिनेही स्नायू दुखू शकतात. सांध्याला सूज, ताप, वजन उतरणं, खरोखरची ताकद जाणं किंवा पन्नाशीनंतर अचानक खांदे आणि मांड्या आखडणं, यातलं काही असेल तर आधी दुसरा आजार शोधायचा. मात्र ल्युपससाठी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) केली जाणारी एएनए ही रक्ताची टेस्ट, त्या आजाराची लक्षणं नसताना उगाच करू नका, निरोगी लोकांतही ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग ल्युपसची भीती कायमची डोक्यात बसते.

आणि संधिवात सापडला म्हणजे फायब्रो नाही असंही नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. सूज गेली, सीआरपी खाली आला तरी पेशंट "सगळं अंग ठणकतंय" म्हणत असेल तर संधिवाताच्या गोळ्यांचा डोस वाढवण्याआधी याचा विचार करा.

औषधांत स्टेरॉइडचा यात उपयोग नाही. नाव नसलेल्या पुड्या आणि गोळ्या तर घेऊच नका, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि आधीच घेत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा. अमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबालिन काहींना मदत करतात. पैकी पहिली दोन डिप्रेशनचीही औषधं आहेत, ती दुखण्यासाठी का दिली हे नीट सांगितलं नाही तर पेशंट नेटवर वाचून "मला वेडं समजले" म्हणून गोळ्या सोडून देतो, हे सांगायला दोन मिनिटं काढाच.

सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाचा आहे, पण तिथेही एक चूक ठरलेली, जरा बरं वाटलं की एका दिवसात सगळं घर आवरायचं आणि पुढचे चार दिवस अंथरुणात. पाच-दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा, बऱ्या दिवशी आणि वाईट दिवशी साधारण तेवढंच, आणि आठवड्याने थोडं थोडं वाढवा.