आई-बाबांचं करताना आपली सुट्टी आधी ठरवा

रोजचा एक तास आणि आठवड्यातला अर्धा दिवस. हे दोन्ही आधी कॅलेंडरवर लिहा, मग बाकीची कामं त्याभोवती बसवा. ‘सगळं आवरलं की टेकू’ म्हणाल तर आजारपणाच्या घरात सगळं कधी आवरतच नाही. बरं, अडतं ते बहुतेक वेळा वेळेवाचून नाही. कोणती गोळी कधी, डायपर कुठे, फाइल कुठल्या कपाटात हे एकाच माणसाच्या डोक्यात असतं, म्हणून त्याला घरातून हलता येत नाही.

तेव्हा पहिलं काम कागदाचं. फुलस्केपवर गोळीचं नाव, मिलिग्रॅम, वेळ, जेवणाआधी की नंतर, कशाची अ‍ॅलर्जी, मागचं बीपी-शुगर, तातडीत कुठे न्यायचं, आधार आणि विम्याचे कागद कुठे, एवढं लिहा, तारीख टाका आणि फ्रिजवर चिकटवा. लिहिण्याआधी घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. आमच्या नागपुरात हार्टचे डॉक्टर धंतोलीत, गुडघ्याचे रामदासपेठेत, असं असलं की एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी पोटात जाऊ शकतं. स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय ते लक्षात येत नाही. गोळ्या रविवारी, सात दिवसांच्या चार-चार खणांच्या डबीत भरा. संध्याकाळचा खण भरलेला दिसला की चुकलं ते लगेच कळतं.

मग दुसरा माणूस तयार करा. दोनदा तुमच्यासमोर त्याला करू द्या, तिसऱ्यांदा तीन तास बाहेर जा. पुण्यातल्या भावाला ‘जरा लक्ष दे’ म्हणून काही होत नाही. ‘दादा, औषधं मागवणं, विम्याचा पाठपुरावा आणि बिलं तुझ्याकडे, दिवाळीनंतर सलग आठ दिवस तू इथे, मी बाहेर’ असं सरळ सांगा. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो, पण त्यासाठी आई-बाबांसमोर बसणारा कोणी हवा. बारा तासांची बाई ठेवलीत तर पेशंटचं करणं आणि घरातली धुणीभांडी वेगळी, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. तिची आठवड्याची सुट्टीसुद्धा.

करणाऱ्याची कंबर जाते ती उचलताना. काखेत हात घालून ओढलं की त्यांचा खांदा दुखतो आणि तुमच्या मणक्यावर सगळा भार येतो. आधी त्यांचे गुडघे दुमडा, तुमच्याकडे कुशीवर वळवा. पाय पलंगावरून खाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या खांद्यामागे हात घालून वर आणा. खाली जाणाऱ्या पायांच्या वजनानेच धड वर यायला मदत होते. वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही. बसल्यावर एक-दोन मिनिटं थांबा. झोपेतून एकदम उभं केलं की बीपी पडतं आणि माणूस बाथरूमच्या दारात कोसळतो. अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. रात्री हे एकट्याने करू नका, पाळ्या लावा.

रात्रीच्या उठण्याचं कारण बरेचदा लघवी असतं. पाण्याचा मोठा वाटा संध्याकाळी सहाच्या आत संपवा. लघवी वाढवणारी गोळी रात्री चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. वेळ आपल्या मनाने बदलू नका.

मे महिन्यात मात्र सगळं वेळापत्रक बदलतं. अपॉइंटमेंट सकाळची घ्या. अकरा ते पाच बाहेर काढू नका. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, म्हणून मागायची वाट न पाहता तासा-दीड तासाने अर्धा पेला द्या. हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून असेल तर उन्हाळ्याचं प्रमाण मार्चमध्येच विचारून ठेवा. अंग तापलंय आणि बोलणं भरकटतंय, तर पाणी पाजत बसू नका, अंग ओलं करत दवाखाना गाठा.

आता तुमचा तास. उन्हाळ्यात सकाळी सहाला अंबाझरी तलावाला चक्कर मारा, नाहीतर दार लावून झोपा, दोन्ही चालतं. ‘आईला सोडून फिरते’ म्हणणारे शेजारी रात्री डायपर बदलायला येत नाहीत. दोन आठवडे सतत चिडचिड, संधी मिळूनही झोप नाही, आई-बाबांवर हात उगारावासा वाटतो, असं झालं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

आणि वय ७० पूर्ण असेल तर सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड आजारपण येण्याआधी काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आणि योजनेत असलेल्या दवाखान्यातच चालतं. ओपीडीची फी आणि रोजची औषधं त्यात नाहीत. घराजवळचा कोणता दवाखाना यादीत आहे, ते आत्ताच पाहून फ्रिजवरच्या कागदावर लिहा.