जुन्या आगबोटीची प्रवासी-यादी: साल कसं काढावं, खरी कशी ओळखावी, जपावी कशी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अटलांटिकवरच्या मोठ्या आगबोटी फेरीगणिक प्रवाशांच्या नावांची छापील पुस्तिका काढत आणि आठवण म्हणून वाटत. पहिल्या वर्गाची वेगळी, दुसऱ्याची वेगळी. खालच्या डेकवरच्या स्टीअरेजच्या प्रवाशांची नावं सहसा त्यात नसत. कुनार्ड, व्हाइट स्टार, हॅम्बुर्ग-अमेरिका अशा कंपन्यांच्या पुस्तिका आजही जुन्या कागदांच्या बाजारात येतात.

हाती आली की आधी मधली पिन पाहा. ती गंजलेली असेल तर पुस्तिका सपाट उघडू नका. गंजाभोवतीचा कागद ठिसूळ होतो आणि मधलं पान पिनेपाशी फाटून सुटतं. दोन्ही बाजूंना पुस्तकांचा आधार देऊन काटकोनाएवढीच उघडा आणि बांधणीला हात लावण्याआधी प्रत्येक पान क्रमाने स्कॅन करा.

आता साल. मुखपृष्ठावर बऱ्याचदा वार आणि तारीख असते, साल नसतं. समजा ‘बेरेंगेरिया’ची यादी आहे आणि वर ‘शनिवार, 14 ऑगस्ट’ एवढंच आहे. हा वार या तारखेला 1909, 1915, 1920, 1926 आणि 1937 मध्ये येतो. ही बोट मुळात जर्मन ‘इंपरेटर’; कुनार्डने तिला ‘बेरेंगेरिया’ हे नाव 1921 मध्ये दिलं, म्हणजे पहिली तीन सालं बाद. 1934 मध्ये कुनार्ड आणि व्हाइट स्टार एक झाल्या, त्यामुळे पुस्तिकेवर नुसतं ‘कुनार्ड’ असेल तर 1937 ही गळतं. उरलं 1926. मग आतल्या कप्तानाच्या नावाशी ते ताडून पाहा. कप्तान बदलत राहत, म्हणून हा पुरावा भक्कम.

बंदर आणि वर्ग यांचीही मदत होते. व्हाइट स्टारने न्यूयॉर्कची जलद सेवा 1907 मध्ये लिव्हरपूलहून साउदम्प्टनला नेली, कुनार्डने 1919 मध्ये. ‘टुरिस्ट थर्ड केबिन’ हे शब्द दिसले तर यादी 1920च्या दशकाच्या मध्याच्या आधीची नाही. अमेरिकेच्या 1924 च्या कायद्याने स्थलांतरितांची संख्या घटली, तेव्हा रिकाम्या जागा भरायला कंपन्यांनी हा वर्ग काढला.

नकली प्रती भरपूर आहेत, ‘टायटॅनिक’च्या तर फारच. दहापट भिंगाखाली नावांची पानं पाहा. तेव्हा खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छपाई होई. अक्षराच्या कडेला शाईची किंचित गडद रेघ दिसते, पानाच्या मागे बोट फिरवलं तर कधी उठावही लागतो. काळं अक्षरसुद्धा रंगीत ठिपक्यांचं बनलेलं दिसलं तर ती अलीकडची नक्कल. अंधारात अतिनील टॉर्च मारा: कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन, आहे, म्हणजे तो बहुधा 1950 नंतरचा. चमकला नाही म्हणून मात्र यादी अस्सल ठरत नाही.

नाव छापलंय म्हणून माणूस बोटीवर होताच असं धरू नका. यादी सुटण्याआधी छापली जाई. ऐनवेळी न आलेले तिच्यात राहत, उशिरा आलेले सुटत. नोकरांची नावं तर बहुधा नसतच, मालकाच्या नावापुढे ‘आणि नोकर’ एवढंच. पुरावा हवा तर सरकारी नोंदी पाहा: न्यूयॉर्कसाठी एलिस आयलंडचं (तिथे उतरणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी या बेटावर होई) संकेतस्थळ, ब्रिटनसाठी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या बीटी 26 (येणारे, 1878 ते 1960) आणि बीटी 27 (जाणारे, 1890 ते 1960) या मालिका. मुंबईहून पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीच्या बोटीने विलायतेला गेलेला पूर्वज तिथे सापडला नाही तर गोंधळू नका. बरेच जण फ्रान्समधल्या मार्सेयला उतरून पुढे रेल्वेने जात, आणि लंडनला पोचलेल्या बोटीच्या नोंदीत ते नसत. मराठी नाव आडनावाखाली मिळालं नाही तर स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाखालीही शोधा.

गंजलेली पिन काढायची तर मधलं पान उघडून पिनेच्या पायांखाली पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची पातळ पट्टी सरकवा, बोथट पात्याने एकेक पाय उचलून सरळ करा आणि मग पिन बाहेरच्या बाजूने, पाठीला धरून अलगद काढा. पाय वाकडे असताना ओढली तर भोकं फाटतात. त्याच भोकांतून लिननचा दोरा सैलसर ओवून आत गाठ मारा. नवी भोकं पाडू नका. गंजाचे डाग तसेच राहू द्या.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. चित्रांची पानं बहुधा आर्ट पेपरची असतात. त्यावरच्या मातीच्या लेपाला ओल लागली की पानं एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर सोडवायला गेलं तर छपाईच सोलून येते. इस्त्री, चिकटपट्टी, लॅमिनेशन, पीव्हीसीचे कव्हर यांपैकी काहीही नको. पॉलिएस्टरचं पाकीट, आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी आणि ओल शोषणारी, रंग बदलणारी सिलिका जेल पुरते. रंग बदलला की जेल तापवून पुन्हा कोरडी करा. कव्हरला रेशमी गोंडा असेल तर त्याच्याखाली आम्लरहित कागद ठेवा, कारण ओलीने त्याचा रंग उतरतो.

आत उशिरा आलेल्यांच्या नावांची सुटी चिठ्ठी सापडली तर वेगळ्या पाकिटात ठेवा आणि ती कोणत्या दोन पानांमध्ये होती ते पाकीट रिकामं असतानाच त्याच्या लेबलवर पेन्सिलीने लिहा.