गुलाबी, काळ्या साहेबीची रेड वाईन करताय? खायच्या (टेबल) द्राक्षाच्या या सवयी सोडा

सांगली भागात थॉम्पसन आली, मग तास-ए-गणेश, सोनाका या बिनबियांच्या जाती आल्या, आणि गुलाबी, काळी साहेबी या बियांच्या द्राक्षांना कुणी विचारेना. तरी कुणाकडं दोन-चार ओळी राहिल्यात आणि नॅचरल वाईनचं (बाहेरचं यीस्ट न घालता केलेली) डोक्यात असतं. (परवाना आधी काढा, एक्साइजवाले नॅचरल-बिचरल बघत नाहीत.)

घोळ सुरू होतो बागेतच. भुरी (पानामण्यावरची पांढरी बुरशी) दिसली की आपला हात गंधकाकडं जातो, पण तोडणीच्या तोंडावर मारलेलं गंधक मण्यावर राहतं आणि आंबताना यीस्ट त्याचं हायड्रोजन सल्फाईड करतं, म्हणजे सरळ सडक्या अंड्याचा वास. किमान महिनाभर आधी गंधक बंद. वास आलाच तर त्याच दिवशी खालनं रस काढून वरनं धार धरून परत ओता, हवा लागली की बराचसा जातो, महिनाभर तसाच ठेवलात तर मुरतो आणि मग काही खरं नाही.

दुसरं, ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर टक्क्यांत. टेबलसाठी 18 ला तोडतो ते इथं चालत नाही, लिटरमागं साधारण 17 ग्रॅम साखरेला 1 टक्का अल्कोहोल बनतं, त्यामुळं 22 पर्यंत तरी जाऊ द्या. आणि आंबणं सुरू झालं की तो थेंब टाकून बघायचा ब्रिक्स मीटर खिशातच राहू दे! अल्कोहोल असलं की तो जास्त दाखवतो, 22 ने सुरू केलेल्या रसातली साखर पार संपली तरी सात-आठ दिसतो, मग लोक आंबणं अडकलं म्हणून उगाच यीस्ट आणून टाकतात. हायड्रोमीटर (रसात तरंगवून घनता बघायची काचेची नळी) घ्या, 1.000 च्या खाली उतरून दोन-तीन दिवस तिथंच थांबला की झालं.

खरंच अडकतं ते उन्हानं. मार्चमधे पत्र्याच्या शेडात ड्रम ठेवला की रस 35 अंशांच्या वर जातो, यीस्ट गारद होतं आणि व्हिनेगरवाल्या जिवाणूंचं फावतं. पहाटे तोडा, क्रेट रात्रभर कोल्ड स्टोरेजला टाका, ड्रम छोटे ठेवा आणि ओली पोती गुंडाळा. चार दिवस आधी थोडे निरोगी घड चुरून वेगळे आंबवा आणि विरजणासारखे मुख्य रसात घाला, वास बिघडला असेल तर फेकून द्या, हळहळू नका.

साल वर येते ती दिवसातनं दोन-तीनदा खाली दाबा, कोरडी पडली की चिलटं आणि आंबूस वास. द्राक्षं चुरायला मिक्सर नकोच, बी फुटून कडवटपणा येतो. गुलाबीला रंग मुळात फिकाच, तो गडद व्हावा म्हणून साल आठवडे ठेवणाऱ्यांना रंग मिळत नाही, तुरटपणा तेवढा मिळतो. फिकीच छान लागते, वासासाठी प्यायची द्राक्षं आहेत ती.

भरलेली बाटली उघडताना फसफसली तर आत आंबणं राहिलंय. बाकीच्या लगेच फ्रीजमधे टाका, पूर्ण गार झाल्यावर बाहेर मोकळ्यावर, तोंड लांब ठेवून उघडा.