दुधाच्या पिशवीचा कोपरा तोडू नका

दुधाची पिशवी उघडताना आपण कोपरा कापतो आणि तो नखाएवढा तुकडा ओट्यावरून मोरीत किंवा केरात जातो. मोठी पिशवी भंगारात विकली जाते, पण हा तुकडा कुणीच वेचत नाही. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घरातून वर्षाला 730 तुकडे!

उपाय अगदी साधा आहे:

1. पिशवी एका हाताने उभी धरा. कोपऱ्यापासून बोटभर खाली कात्रीने आडवी चीर द्या, पण शेवटचा अर्धा सेंटिमीटर तसाच राहू द्या. तुकडा पिशवीलाच लटकत राहतो.
2. दूध पातेल्यात ओतून घ्या. पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून खळखळवा आणि तेही दुधातच ओता. (आमच्याकडे आजीपासूनची पद्धत. दूधवाल्याने घातलंच असेल, त्यात आपलं थोडं!)
3. मग पिशवीची वरची बाजू पूर्ण उघडेल अशी चीर देऊन पिशवी उलटी करा, पुन्हा एकदा विसळा आणि चिमट्याने दोरीवर लावा. कापतानाही तुकडा सुटू देऊ नका.
4. वाळलेल्या पिशव्या एका मोठ्या पिशवीत साठवून महिन्याकाठी रद्दीवाल्याला द्या. तो घेत नसेल तर सुक्या कचऱ्यात टाका.

पहिले चार दिवस हात सवयीने पूर्ण कापतोच. माझाही कापायचा.

एक मात्र सांभाळा: ओलसर पिशव्या साठवू नका. दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो आणि मुंग्यांची रांग लागते.