भाड्याचं जुनं घर कमी खर्चात कसं सजवावं

पुण्याच्या पेठांमध्ये गेल्या बारा वर्षांत मी तीन भाड्याच्या घरांत राहिले. तिन्ही जुनी. सध्याचं नारायण पेठेतलं, पहिल्या मजल्यावरचं. दोन खोल्या, एक अंधारं स्वयंपाकघर, शहाबादी फरशी, दीड फूट जाडीच्या भिंती, दोन कोनाडे, एक फडताळ आणि बाहेरच्या खोलीच्या छताला पाळण्याची लोखंडी कडी. पहिल्या घरात मी घातलेल्या पैशांतले निम्मे वाया गेले. पारंपरिक दिसणाऱ्या वस्तू मी दुकानातून आणत होते आणि घरात मुळातच असलेलं लाकूड, फरशी, कोनाडे त्यांच्यामागे झाकले जात होते.

तेव्हापासून हिशोब ठरला. जुनेपण घराकडून घ्यायचं, ते फुकट मिळतं. पैसे घालायचे ते नव्या वस्तूंवर, आणि त्यातही शरीराला रोज लागणाऱ्यांवर: गादी, खुर्ची, उजेड. शिवाय आपण आणलेली प्रत्येक वस्तू घर सोडताना टेम्पोत चढली पाहिजे. पुढच्या गोष्टी खाली दिलेल्या क्रमानेच करा. आधी पडदे आणि मग रंग असं केलं की दोन्ही खर्च पुन्हा होतात.

पहिले आठ दिवस काही विकत घेऊ नका

एक वही घ्या आणि घरभर फिरा. ऊन सकाळी कुठे येतं, दुपारी कुठे, ते लिहा. भिंतीवर बोटांनी टकटक करा. भरीव आवाज आला तर गिलावा धरून आहे, पोकळ आला तर तिथे खिळा मारायचा नाही. जुन्या विटांच्या चुन्यातल्या भिंतीत एका खिळ्यासाठी ताटाएवढा गिलावा खाली आलेला मी पाहिला आहे, आणि तो भरून द्यायचा खर्च डिपॉझिटमधून गेला. भिंतीच्या खालच्या फूट-दीड फुटात पापुद्रे, पांढरी भुकटी किंवा वास असेल तर तिथे ओल आहे, त्यावर खूण करा. कपाट किंवा पलंग त्या भिंतीपासून निदान तीन बोटं लांब ठेवावा लागेल.

त्याच फेरीत जिन्याची रुंदी, जिन्याच्या वळणावरची जागा आणि दाराची चौकट मोजा. पेठांतल्या लाकडी जिन्यांवरून तीन जणांचा अखंड सोफा वर जात नाही. सुटी होणारी किंवा लहान बैठक घ्या.

आता घराने काय दिलं आहे त्याची यादी करा. कोनाडे, देवळी, फडताळ, भिंतीतल्या लाकडी खुंट्या, तुळया, खिडकीचे गज, पितळी कडी-कोयंडा, पाळण्याची कडी, नक्षीची सिमेंट फरशी. आपलं घर याच गोष्टींनी उठून दिसणार आहे.

मालकांशी बोलून घ्या

महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. अकरा महिन्यांच्या त्या करारात बहुतेक वेळा भिंतींच्या स्थितीबद्दल अक्षरही नसतं. ताबा घेताना प्रत्येक खोलीचे फोटो काढा, ओल आणि तडे दिसतील असे, आणि त्याच दिवशी मालकांना पाठवून ठेवा. रंगाची, जुनी खुंटी काढण्याची, दाराचा ऑइलपेंट खरवडण्याची परवानगी मेसेजवर का होईना, लिहून घ्या.

आमच्या घरमालकीण काकूंना मी विचारलं, “काकू, सामान आणि मजुरी माझी, चुना मी लावून घेते. पहिल्या महिन्याच्या भाड्यात थोडं कमी कराल का?” त्या लगेच हो म्हणाल्या, आणि माळ्यावरचा त्यांच्या सासूबाईंचा चौरंगही वापरायला दिला. जुन्या घरांच्या मालकांकडे माळ्यावर काय काय पडलेलं असतं ते आवर्जून विचारा.

खरवडा, धुवा, उघडं करा

सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, म्हणून यावर दोन सुट्ट्या घालवा.

फरशीपासून सुरू करा. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे आणि मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे असतात. दोन्हींना ॲसिड खातं. बाथरूमचं ॲसिड, व्हिनेगर, लिंबू यांतलं काहीही फरशीवर टाकू नका, एकदा गेलेली झळाळी परत येत नाही. कोमट पाणी, साधा द्रव साबण, नारळाच्या काथ्याचा ब्रश आणि भरपूर वेळ एवढं पुरतं. रंगाचे जुने थेंब प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. लाल कोब्याची जमीन असेल तर धुऊन पूर्ण वाळल्यावर फडक्यावर अगदी चार थेंब खोबरेल तेल घेऊन पुसा. जास्त झालं तर पाय घसरतो, घरात म्हातारं माणूस असेल तर हे करूच नका.

दारं-खिडक्यांवर ऑइलपेंटचे सात-आठ थर असतात. सगळं खरवडायच्या भानगडीत पडू नका. अगदी जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवणंही बरं नाही. फक्त पितळी कड्या, मुठी आणि बिजागऱ्या मोकळ्या करा. सुटणाऱ्या असतील तर काढून गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, थर मऊ होऊन निघतात. मग चिंचेचा कोळ आणि मीठ, किंवा पितांबरी. राखाडी दारावर एक पिवळीधमक कडी चमकायला लागली की त्या खोलीला वेगळी शोभा लागत नाही.

भिंती: आधी पाण्याची परीक्षा

भिंतीवर ओंजळभर पाणी शिंपडा. शोषलं गेलं तर भिंतीवर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. थेंब होऊन ओघळलं तर ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक पेंट आहे.

चुन्याच्या भिंतीला आतली ओल बाहेर सोडायची सवय असते. तिच्यावर प्लॅस्टिक पेंट लावला की ओल आत अडकते आणि रंगाला फुगे येतात. माझ्या दुसऱ्या घरात मार्चमध्ये दिलेला महागडा रंग जुलैत पोळीसारखा फुगून सुटला होता. अशा भिंतीला चुनाच द्यावा. कळीचा चुना दोन दिवस पाण्यात भिजवून, गाळून, त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घालतात. चुना पाण्यात टाकताना उकळतो आणि कातडीला, डोळ्यांना भाजतो, म्हणून हे काम माहीतगार रंगाऱ्याकडून करून घ्या. रंग हवा असेल तर चुन्यात गेरू किंवा पिवळी माती मिसळते. ऑइलपेंटच्या भिंतीवर मात्र चुना धरत नाही. तिथे भिंत धुऊन, पॉलिश पेपर मारून, सौम्य रंगाचा एक हात द्यावा किंवा ती तशीच ठेवावी.

रंग ठरवताना शेड कार्ड बाजूला ठेवा आणि आईचं कपाट उघडा. आमसुली, मोरपंखी, अबोली, डाळिंबी, चिंतामणी ही नावं लुगड्यांतून आलेली आहेत आणि ते रंग शहाबादीच्या करड्या निळसरपणावर फार छान बसतात. पण ते एका कोनाड्याच्या आत किंवा फडताळाच्या पाठीला द्या. चारही भिंती पांढऱ्याच राहू द्या, जुन्या घरांत उजेड कमी असतो. आमच्या कोनाड्यात आत गेरूचा रंग आहे आणि एक तांब्याचा तांब्या. बस, त्यात दुसरं काही ठेवत नाही.

चित्रं टांगायला असलेल्या खुंट्याच वापरा, नाहीतर फ्रेम फडताळावर किंवा जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवा.

उजेड बदला, फिटिंग नको

भाड्याच्या घरात मी पहिली काढते ती पांढरी ट्यूब. ६५०० केल्विनचा तो निळसर उजेड जुन्या भिंतीचा प्रत्येक डाग दाखवतो आणि लाकूड मेलेलं दिसतं. बैठकीत आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचे एलईडी दिवे लावा. खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेलं असतं. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० पर्यंत चालेल. एक मोठा दिवा छताला लावण्यापेक्षा तीन लहान दिवे कमरेच्या उंचीवर ठेवले तर खोली मोठी वाटते.

पाळण्याच्या कडीचा विचार इथे करा. तिच्यात जाड सुती दोरी अडकवून बांबूची टोपली उलटी बांधली, आत होल्डर आणि कमी वॅटचा एलईडी, वायर तुळईच्या कडेने खाली प्लगपर्यंत. छतात एकही भोक नाही. टोपली आणि खिडकीसाठी तट्ट्या मला पुण्यातल्या बुरूड आळीत, बांबूकाम करणाऱ्यांकडे, सांगितलेल्या मापाच्या मिळाल्या.

त्याआधी एका वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. लाकडी पट्टीतलं जुनं वायरिंग असेल तर एका प्लगवर तीन-तीन एक्स्टेन्शन लावू नका. इथे वाचवलेला पैसा धोक्याचा आहे.

कापड: एका नऊवारीत काय काय होतं

नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असते. दारापुरता सात फुटी पडदा, वर-खाली दुमड धरून, सव्वादोन ते अडीच मीटर घेतो. म्हणजे एका लुगड्यात तीन पाट, म्हणजे पडद्याचे उभे तुकडे, निघतात, आणि उरलेल्या पदरात उशीचे दोन अभ्रे. सहावारीत दोन पाट आणि थोडा तुकडा. चार फुटी खिडकीला दोन पाट घेतले की चुण्या भरपूर पडतात. काठ उभा राहील असं शिवून घ्या. सुती किंवा इरकल घ्यावं. जुनं रेशीम उन्हात दोन उन्हाळ्यांत विरतं, ते पडद्याला वापरू नका.

जाड भिंतींचा इथे फायदा होतो. खिडकी भिंतीत खोल असल्याने दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये स्प्रिंगचा रॉड आडवा अडकतो, खिळा लागतच नाही. त्याच खोल खिडकीत गिरदी टाकली की बसायची जागा झाली. माझी संध्याकाळ तिथेच जाते.

पलंगावर सोलापुरी चादर, पायाशी आजीची गोधडी. खणाचा एखादा तुकडा टेबलावर. सगळीकडे खण घातला की घर हळदीकुंकवाच्या मांडवासारखं दिसतं, म्हणून खोलीत नक्षीचं कापड एकच ठेवा, बाकी साधं.

लाकूड घेताना

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीट आहे. सकाळी जा, रोख रक्कम ठरवून जा, आणि टॉर्च न्या. खुर्ची किंवा पेटी उलटी करून खालची बाजू बघा. टाचणीएवढी गोल भोकं आणि त्याखाली ताजी पिवळी भुकटी दिसली तर आत कीड जिवंत आहे. कितीही स्वस्त असली तरी ती वस्तू घरात आणू नका, तुळयांनाही लागेल. मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी. सांधे हलत असले तरी चालतात, सुतार ते आवळून देतो. उचलून बघा, सागवान वजनाला आणि वासाला कळतं.

घरी आणल्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२० चा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. त्यावर जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात, मध्ये दोन दिवसांचं अंतर. तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून पसरून वाळवा.

एका खोलीत जुन्या लाकडाच्या दोन वस्तू पुरेत. चौरंगावर साधा नवा दिवा, लोखंडी ट्रंकेवर काच ठेवून टीपॉय, शिसवी पेटीशेजारी सरळ रेषांची राखाडी बैठक. जुन्या वस्तूच्या बाजूला नवी वस्तू जितकी साधी, तितकी जुनी खुलते. प्लॅस्टिकची विटांची चिकटपट्टी, नकली वाड्याचे दरवाजे, डझनभर पितळी घंटा यांवर मी एक रुपयाही घालणार नाही. ज्या घरात खऱ्या विटा आहेत तिथे विटांचं चित्र चिकटवणं मला बघवत नाही.

पैशांची वाटणी

मी २५,००० ठरवले होते. जवळपास ९,००० गादीवर, ५,००० चुना आणि वायरमनवर, ४,००० बैठकीवर, दिव्यांवर २,०००. जुन्या बाजारात २,५०० गेले, शिलाईला हजारच्या आत. उरलेले पावसाळ्यापर्यंत हाताशी ठेवले. जुन्या घरात जूनमध्ये काहीतरी गळतंच, आणि गळकी भिंत कळल्याशिवाय तिथे काय ठेवायचं ते ठरवू नये.

घरातून काढलेल्या वस्तूंचं एक खोकं

काढलेली ट्यूब, मालकांचे पडद्याचे रॉड, बदललेल्या मुठी, निघालेले स्क्रू हे सगळं एका खोक्यात भरा. प्रत्येक पुडीवर खोलीचं नाव लिहा आणि खोकं माळ्यावर ठेवा. चुन्याची आणि रंगाची थोडी पूड हवाबंद डब्यात त्याच खोक्यात ठेवा. घर सोडायच्या आठवड्यात भिंतीवरची बारीक भोकं व्हाइट सिमेंटने भरून त्याच रंगाचा बोटभर हात द्यायचा, ट्यूब जागेवर लावायची, आणि पाळण्याच्या कडीतली दोरी सगळ्यात शेवटी सोडायची.