फेअरिंग उतरवताय? आधी या चुका टाळा

रंगपंचमीच्या दोन दिवस आधी इंदूरच्या रामबागेतून भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी चालूच होत नाहीये. सेल्फ फिरतोय, पण इंजिन पकडत नाही." आदल्या दिवशी त्याने सेकंडहँड स्पोर्ट बाइकचं पुढचं सगळं प्लास्टिक, म्हणजेच फेअरिंग, उतरवून गोल हेडलाइट बसवला होता. बॅटरी, प्लग, पेट्रोल, सगळं ठीक होतं. दोष निघाला एका छोट्याशा डबीत. फेअरिंगच्या ब्रॅकेटवरचा टिप-ओव्हर सेन्सर त्याने झिप टायने वायरिंगला आडवा बांधून टाकला होता. गाडी कलंडली की इंजिन बंद करायचं, हे त्या सेन्सरचं काम. आडवा बांधल्यावर त्याच्या हिशेबाने गाडी कायमच पडलेली!

प्रत्येक मॉडेलमध्ये हा सेन्सर पुढे नसतो. काहींत तो सीटखाली असतो. तुमच्या गाडीत कुठे आहे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आधी बघा. हलवावा लागलाच, तर मूळ दिशेने आणि मूळ रबरासकट घट्ट बसवा. सरळ करूनही इंजिन पकडत नसेल तर चावी बंद करून पुन्हा चालू करा.

मला कळकळीने सांगायचंय ते हेच. फेअरिंगच्या मागे गाडीचा निम्मा संसार टांगलेला असतो: मीटर, आरसे, रिले, हॉर्न, कधी कूलंटची टाकी. म्हणून पाना हातात घेण्याआधी मोबाइल घ्या आणि प्रत्येक कप्लरचा (वायर जोडायच्या सॉकेटचा), प्रत्येक ब्रॅकेटचा फोटो काढा. बोल्ट वेगवेगळ्या पुड्यांत ठेवून वर नाव लिहा. एकाच जाडीचे बोल्ट लांबीला वेगळे असतात, आणि लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर आतल्या भागावर टेकतो.

गाडी तापते, ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार. बाजूची पॅनलं समोरची हवा रेडिएटरकडे वळवतात आणि गरम हवा पायांपासून दूर नेतात. ती काढल्यावर इंदूरच्या मे महिन्यात, चाळिशीपार उन्हात, पलासियाच्या सिग्नलला उभं राहिलं की गुडघे भाजतात. तेवढं सहन करता येईल. पण इंजिनच्या तापमानाचा काटा खरंच वर चढत असेल, तर आधी कूलंटची टाकी बघा. ती मूळ उंचीवर आहे ना, नळी कुठे दुमडली नाही ना? मग पंख्याचा कप्लर तपासा. फेअरिंग काढताना सुटलेला तो बरेचदा तसाच लोंबत राहतो. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण मात्र चुकूनही उघडू नका.

रेडिएटर उघडा पडला की पुढे जाळी हवीच. खंडवा रोडवर ट्रकच्या चाकांतून उडालेला एक खडा पुरतो. राजवाड्याच्या गेरमधून, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीतून, गाडी आणली असेल तर रेडिएटरच्या पातळ पत्र्यांच्या फटींत गुलाल बसलेला असतो. तो इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेने, साध्या नळाच्या हलक्या धारेने काढा. प्रेशर वॉशरने ते नाजूक पत्रे वाकतात.

क्लिप-ऑन (स्पोर्ट बाइकची खाली झुकलेली दोन तुकड्यांची हँडलं) काढून उंच हँडल लावणार असाल, तर इथली चूक जिवावर बेतते. मूळ ब्रेकची नळी आखूड पडते. पुढचं चाक उचलून, शॉकअप पूर्ण सैल सोडून, हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. नळी कुठेही ताणली जाता कामा नये. इंजिन चालू ठेवून हँडल वळवताना आरपीएम वाढला, तर अ‍ॅक्सिलरेटर केबल ताणली जातेय. लांब नळी आणि लांब केबल बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. हँडलसाठी टीला (शॉकअप वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीला) भोकं पाडून देणारे मिळतात. त्यांच्याकडे जाऊच नका.

वायरिंगचे जोड पिळून वर काळी टेप गुंडाळली की पहिल्याच पावसात हेडलाइट मिचमिचतो. जोड सोल्डर करा, वर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी) चढवा. एलईडी इंडिकेटर भराभर उघडझाप करत असतील तर एलईडीसाठीचा फ्लॅशर रिले लावा. नव्या हेडलाइटचा झोत भिंतीवर जुन्या उंचीशी जुळवून घ्या, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

कायद्याकडे मित्र लोक दुर्लक्ष करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारा. फ्रेमला करवत लावू नका, काहीही कापू नका. उतरवलेली पॅनलं विकू नका. माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवा, एकावर एक रचू नका, कारण दाबाने आधी त्यांचे कान (बसवायच्या कडा) तुटतात आणि मग ती पुन्हा नीट बसत नाहीत.